डाव्या बाजूचा माणूस

जड मोटारसायकल ही मोठी लबाड चीज. वेगात असली की माणसाला फुलासारखी वाहून नेते, आणि वेग संपला की सगळं वजन आठवतं तिला. अडीचशे किलो! रस्त्यावर वाघासारखी डरकाळ्या फोडत येणारे बहाद्दर घरासमोर गाडी लावताना आडवे होतात ते काय उगीच? पडणाऱ्यांपैकी निम्मे तर उभ्या गाडीवरनं पडतात. हे सगळं ज्याला पाठ होतं तो माणूस एका मोटारसायकलींच्या शोरूममध्ये सव्वीस वर्षं गाड्या आत-बाहेर करत होता. त्याला सगळे टेकू म्हणत.

हे नाव त्याच्या खिशातल्या लाकडामुळे पडलं. चार बोटं लांब, दोन बोटं जाड, शिसवीचा तुकडा. गाडी साइड स्टँडवर लावायची, की हा वाकून तो तुकडा स्टँडच्या पायाखाली सरकवायचा. उन्हात डांबर मऊ होतं, स्टँड आत रुततो, आणि तासाभरानं गाडी दारुड्यासारखी कलंडते. लाकूड असलं की नाही रुतत. एवढंसं शहाणपण, पण ते सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुणाला सुचलं नाही.

काम म्हणाल तर असं. सकाळी नऊला शटर वर जायचं. आत चौदा गाड्या, हँडलला हँडल घासेल अशा उभ्या. एकेक बाहेर काढायची, दाराशी वळवायची, सिमेंटच्या आखूड उतारावरनं खाली आणायची आणि फूटपाथवर ओळीत लावायची. संध्याकाळी सातला हीच वरात उलटी. आतल्या पांढऱ्या फरशीवर आणि काचांवर धूर बसतो म्हणून इंजिन सुरू करायचं नाही. सगळं अंगावर. मागच्या वर्कशॉपला न्यायची असली तरच इंजिन लावायचं, पहिल्या गिअरात क्लच अर्धा सोडायचा आणि आपण शेजारनं चालायचं. म्हैस पाण्यावर नेतात ना, तसं.

तो चालायचा नेहमी गाडीच्या डाव्या बाजूनं. स्टँड डावीकडं, म्हणून माणूसही डावीकडं. डावा हात मुठीवर, उजवा हात सीटच्या मागं, आणि गाडी किंचित आपल्या कमरेवर झुकलेली. "तिला आपल्याकडं ओढून ठेवायची," तो सांगायचा. "अंगाला टेकली की ती आपली. पलीकडं झुकली की ती परक्याची, मग आवरायच्या भानगडीत पडू नये."

आणि या माणसाचा एक नेम होता. तो कधी, म्हणजे कधीच, गाडीवर बसायचा नाही.

नेम पहिल्याच दिवशीचा. मोठे मालक तेव्हा धडधाकट होते, आवाज असा की काचा हलाव्यात. त्यांनी नव्या गड्याला ओळीपुढं उभं केलं आणि सांगितलं, "हात लाव, खांदा लाव, पाहिजे तर डोकं लाव. पण सीटला बूड लावायचं नाही. कळलं?"

"कळलं, मालक."

कळलं ते कळलंच. दुसरे कामगार मालकांची पाठ फिरली की टांग टाकून आरशात भांग पाडायचे. टेकू नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, बस की मागं, चौकापर्यंत सोडतो. हा हात जोडायचा आणि सायकलवर टांग मारायचा. पुढं मोठे मालक खाटेला खिळले, मग गेलेही. नेम गेला नाही. उलट टेकूला त्याचा अभिमान चढत गेला. मालक कधीमधी त्याच्याकडं बघून नुसती मान हलवायचे. टेकूला वाटायचं, शब्द पाळणारा माणूस म्हणून बघतायत.

गिऱ्हाइकं मात्र त्याच्याकडं शिकायला यायची. एक दातांचा डॉक्टर नवी गाडी घेऊन सासुरवाडीला गेला. सासू-सासरे दारात, मेहुण्या गॅलरीत. यानं ऐटीत वळण घेतलं, हँडल वळलेलंच होतं, तेवढ्यात पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी झोपली आणि जावईबापू कुंडीत. दुसऱ्या दिवशी लंगडत टेकूकडं. टेकूनं विचारलं, "हँडल सरळ होतं का, साहेब?" डॉक्टर म्हणाला, "सरळ काहीच नव्हतं." तेव्हापासून टेकूचं वाक्य ठरलं: "हँडल वाकडं, तर पुढच्या ब्रेकला हात नाही. सावकाश जाताना मागचा ब्रेक हा आपला बाप."

एक व्यायामशाळेचा मास्तर होता. दंड म्हणजे मुसळं. त्यानं भिंतीकडं तोंड करून उतारावर गाडी लावली आणि संध्याकाळी मागं ओढायला गेला. ओढतोय, ओढतोय, गाडी भिंतीलाच चिकटलेली. शेवटी टेकूला बोलावणं आलं. टेकू म्हणाला, "मास्तर, हिला रिव्हर्स नसतो. म्हणून लावतानाच निघायचा विचार करायचा. मागचं चाक भिंतीकडं, तोंड रस्त्याकडं. माणूस पाहुण्याच्या घरी चप्पल काढतो तशी गाडी लावावी, निघायच्या दिशेला."

असं सगळं सुरळीत चाललं असताना टेकूचा उजवा गुडघा बोलायला लागला. आधी कुरकुर, मग बोंब. हाडांच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवला आणि सांगितलं, "वंगण संपलंय. ढकलाढकली बंद करा, नाहीतर वर्षात काठी येईल." टेकू हसला. ढकलाढकली बंद म्हणजे नोकरीच बंद, आणि बावन्नाव्या वर्षी नवीन धंदा कुठला शिकणार? बायको शाळेचे गणवेश शिवायची. तिनं मशीनचं पायडल थांबवलं आणि म्हणाली, "मग करणार काय तुम्ही?"

"बघू."

"तुमचं बघू म्हणजे आंधळ्यानं वाट दाखवल्यासारखं."

आणि नेमकं त्याच महिन्यात धाकट्या मालकांनी त्याला आत बोलावलं. हे मोठ्या मालकांचे चिरंजीव. गोड बोलणारे, पण बोलताना डोळे फोनवर.

"टेकू, लोक गाडी बघतात, आवडते, वजन बघून घाबरतात आणि परत जातात. आपण दर रविवारी मागच्या पटांगणात वर्ग घ्यायचा. सावकाश कशी चालवायची, कशी वळवायची, कशी लावायची, पडली तर कशी उचलायची. शिकवणार तू."

"मी?"

"मग कोण, मी? पहिला रविवार नीट झाला की तुला कायमचा त्याच कामावर घेतो. आत-बाहेर करायला दुसरा माणूस बघू."

टेकूचा गुडघा दुखायचाच राहिला. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं तर ती आधी हसली, मग पदर डोळ्याला लावला, मग कपाटातलं नव्या शर्टाचं कापड काढलं. रात्री जेवायला तिचा भाऊ आला होता. हा मालट्रक चालवायचा, आणि दाजींना टोमणा मारल्याशिवाय त्याचा घास गिळत नसे.

"दाजी, तुम्ही शिकवणार? म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवण्यापैकी झालं."

"काठावरून बुडणारा नीट दिसतो," टेकू म्हणाला.

"पण एखादा म्हणाला, या पाण्यात, तर?"

"तू भाजी वाढून घे," बहीण म्हणाली.

प्रश्न तिथंच झाकला गेला. पण टेकूच्या मनात तो उघडाच राहिला असला पाहिजे, कारण शनिवारी सगळे गेल्यावर तो एका गाडीशेजारी बराच वेळ उभा होता. बसून बघावं का? कोण बघणार आहे? सीटवर हातही फिरवला त्यानं. मग भिंतीवरच्या तसबिरीतले मोठे मालक दिसले आणि हात मागं घेतला. सव्वीस वर्षांचा नेम एका दिवसासाठी मोडायचा कशाला? शिकवायचं तर जमिनीवर उभं राहूनच होतं.

रविवार उजाडला. नऊ माणसं आली. टेकूनं पहाटेच येऊन पटांगणात खडूनं रेषा मारल्या होत्या: एक सरळ अरुंद पट्टी, एक आठाचा आकडा, एक थांबायची रेघ. नवा शर्ट, कडक इस्त्री, खिशात लाकूड. पहिला तास काय रंगला म्हणता! क्लच अर्धवट कुठं धरायचा ते त्यानं प्रत्येकाच्या बोटांवर बोट ठेवून शिकवलं. "चाकाकडं बघू नका, चाक कुठं जात नाही पळून. जिथं जायचंय तिथं बघा. खड्ड्याकडं बघणारा खड्ड्यातच जातो, गाडीत काय नि संसारात काय." लोक हसले. "हे पटांगण पाणी जावं म्हणून त्या नालीकडं उतरतं. डोळ्याला दिसत नाही, गाडीला कळतं. थांबताना चढाच्या बाजूचा पाय टेका, उताराच्या बाजूला पाय पुरत नाही." एक बँकेतल्या बाई होत्या, अंगानं किरकोळ, गाडी नवऱ्याची. त्या आठाच्या आकड्यात पाय न टेकता फिरून आल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना इतका आनंद झाला की त्या म्हणाल्या, "सर, आता तुम्ही एकदा चालवून दाखवा ना!"

सर! आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी सर म्हणालं होतं.

"दाखव की," धाकटे मालक म्हणाले. त्यांनी फोन उभा धरला. "व्हिडिओ घेतो. जाहिरातीला होईल."

आता तोंड उघडायची वेळ होती. "मी बसत नाही," एवढंच म्हणायचं. चार शब्दही नाहीत. पण नऊ माणसं हसऱ्या तोंडानं बघत होती, आणि त्या "सर"ची चव अजून कानात होती. सर गाडीवर बसत नाहीत, हे कसं सांगणार? टेकूनं मनातल्या मनात मोठ्या मालकांची माफी मागितली आणि टांग टाकली.

त्याला नवल वाटलं. इतकं सोपं! इंजिन ओळखीचं, क्लच ओळखीचा. गाडी पट्टीतून अशी गेली की खडूला धक्का नाही. आठाचं पहिलं वळण, दुसरं वळण, नजर पुढं, मागच्या ब्रेकवर हलका पाय. लोकांचा श्वास रोखलेला. टेकूला आतून उकळ्या फुटत होत्या. मग तो थांबायच्या रेघेवर आला. हँडल सरळ केलं, अगदी शिकवल्यासारखं, आणि थांबला.

पण शिकवताना गाड्या एका दिशेनं येत होत्या आणि हा आठ संपवून उलट्या दिशेनं आला होता. नाली आता उजवीकडं होती. गाडी केसभर उजवीकडं कलली. केसभरच. डावा पाय टेकून अंगाचं वजन डावीकडं टाकलं असतं, तर नवशिक्यानंही सावरली असती.

टेकूनं काय केलं? सव्वीस वर्षं जे केलं तेच. हातांनी गाडी अंगाकडं ओढली. पण त्या हातांच्या हिशेबी त्याचं अंग डावीकडं होतं, गाडीशेजारी, जमिनीवर उभं. तिथं कुणीच नव्हतं. तो तर गाडीवर होता. ओढायला बळ सापडेना, दोन्ही पाय आपापल्या जागी दगड झालेले, आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश, मांजर आडवं होतं तशी उजवीकडं आडवी झाली. टेकूला घेऊन.

 मग कुणाला तरी हसू फुटलं, मग आवरलं गेलं, आणि आवरलेलं हसू जास्त लागतं. चौघं धावले. टेकू खालनंच ओरडला, "आधी स्टँड बाहेर काढा! उजवीकडं पडली की आधी स्टँड काढायचा, मग उचलायची! नाहीतर पलीकडं जाईल!"

कुणी ऐकलं नाही. शेवटी तोच उठला. स्टँड काढला, गाडीकडं पाठ केली, सीटला कंबर लावली, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पावलापावलानं मागं सरकत अडीचशे किलो उभे केले. गुडघ्यातनं कळ डोक्यात गेली. दिवसातला सगळ्यात चांगला धडा तोच होता. पण लोक धाकट्या मालकांच्या फोनमध्ये पडण्याचा व्हिडिओ बघत होते.

"टेकू," धाकटे मालक बाजूला घेऊन म्हणाले, "तुला चालवता येत नाही?"

"कधी बसलो नव्हतो, मालक."

"कधी म्हणजे?"

"मोठ्या मालकांनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी. बूड लावायचं नाही म्हणून."

वर्कशॉपचे म्हातारे मिस्त्री कपड्याला हात पुसत जवळ आले. ते मोठ्या मालकांच्या वेळचे. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, ते त्या आठवड्यापुरतं होतं रे! सगळ्या सीटा नव्यानं मढवल्या होत्या, आतला डिंक ओला होता. वाळेपर्यंत बसू नका म्हणून सगळ्यांना सांगितलं त्यांनी. तू सव्वीस वर्षं वाळायची वाट बघितलीस?"

 मिस्त्री मनानं वाईट नव्हते, पण जीभ आवरायची कधी ते त्यांना कधीच कळलं नाही. "मोठे मालक मला म्हणायचे की, मिस्त्री, हा टेकू गाडीला भितो वाटतं. कामाला वाघ, पण भित्रा. त्याला कधी बस म्हणून लाजवू नका. म्हणून आम्हीही कधी बोललो नाही."

म्हणजे ती मान हलवणं हे होतं.

घरी गेल्यावर बायकोनं शर्टाचा फाटका खांदा बघितला, गुडघा बघितला. तेल गरम करून आणलं. आठवड्यानं भाऊ जेवायला आला. व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचला होता, ट्रकवाल्यांच्या फोनवर सगळं पोचतं. टेकू टोमण्याची वाट बघत बसला. मेहुण्यानं दाजींच्या ताटात आधी वाढलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि लवकर उठला. एक टोमणा नाही. त्या रात्री टेकूला जेवण गेलं नाही.

वर्ग बंद पडला नाही. धाकट्या मालकांनी चामड्याचं जाकीट घालणारा एक शिकवणारा आणला. भर उन्हात जाकीट. सगळे त्याला सरच म्हणायचे. खडूच्या रेषा टेकूच मारायचा, कारण जाकीटवाल्याला वाकायला जाकीट आडवं यायचं. टेकूनं मुकाट्यानं रेषा मारल्या आणि कडेला उभा राहिला. कुणी पडलं की उचलायला. दुसरा माणूस मिळाला नव्हता, मिळवायची घाईही आता कुणाला नव्हती; चौदा गाड्या रोज सकाळी बाहेर आणि संध्याकाळी आत, त्याच गुडघ्यावर.

जाकीटवाला माणूस तसा बरा होता. एकदा त्यानं टेकूला गाडी उचलताना बघितलं आणि विचारलं, "काका, ही पाठ लावायची युक्ती कुठली? मला नीट सांगा, मी लोकांना सांगतो."

टेकूनं त्याच्याकडं बघितलं. नाही म्हणायचा हक्क होता त्याला. पण गाडी चुकीची उचलली तर उचलणाऱ्याचा मणका जातो, आणि उद्या ज्याचा जाईल त्यानं टेकूचं काय घोडं मारलं होतं? त्यानं सगळं सांगितलं. स्टँड, कंबर, हात, पावलं. वर मागच्या ब्रेकचं सांगितलं, नालीचं सांगितलं, चप्पल काढतो तशी गाडी लावायचंही सांगितलं. पुढच्या रविवारी जाकीटवाला चप्पलेचं वाक्य बोलला आणि लोक हसले. बँकेतल्या बाई मैत्रिणीला घेऊन आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कडेला उभ्या टेकूकडं बघितलं, आणि मग नजर वळवली, का ते त्यांनाच माहीत.

मग एका संध्याकाळी तेरा गाड्या आत गेल्या होत्या आणि शेवटची, सगळ्यात जड, फूटपाथवर उरली होती. गुडघा त्या दिवशी फारच भांडत होता. टेकू तिच्याशेजारी उभा राहिला, डावीकडं, नेहमीसारखा. मग कोण जाणे काय वाटलं, टांग टाकून बसला. स्टँडवरच, इंजिन बंद. दोन्ही हात मुठींवर. वरून रस्ता वेगळाच दिसत होता, लांबपर्यंत सरळ. त्यानं उजवीकडं बघितलं. उजव्या आरशात, उजव्या पायाशी, उजव्या बाजूच्या फूटपाथवर. सव्वीस वर्षांत त्या बाजूनं गाडी कशी दिसते ते त्यानं बघितलंच नव्हतं.

त्यानं हळूच उजवा पाय जमिनीवर दाबून बघितला. पुरत होता. चांगला टाचेपर्यंत पुरत होता.

"ए टेकू!" आतून धाकट्या मालकांचा आवाज आला. "उतर, उतर! उद्या डिलिव्हरी आहे तिची, सीटवर प्लास्टिक नाहीये!"

"हो मालक," टेकू म्हणाला.

आणि उतरला. डाव्याच बाजूनं. स्टँडखालचं लाकूड काढून खिशात टाकलं, गाडी कमरेला टेकवली, तीन पावलं मागं जाऊन वेग घेतला आणि उतार चढवून आत नेली.